तांबूस केस : वंश आणि अन्न



मनुष्याच्या केसांचा तांबूस वर्ण हा विषय निमंत्रणपत्रिकेत वाचून, आपल्या या काळ्या केसांच्या मुलखात असल्या विषयाचे प्रयोजन काय, अशी शंका आपल्यापैकी अनेकांच्या मनात आली असेल, आणि ती रास्तच आहे. स्कॉटलंड किंवा आयर्लंडमध्ये ज्याला लाल केस म्हणतात तसे केस सोलापूर जिल्ह्यात जन्मजात आढळणे जवळजवळ अशक्य. तथापि पिंगट, तांबूस, भुरकट केसांचे मूल आपण कधी पाहिलेच नाही, असे या सभागृहात कोणीही म्हणू शकणार नाही. अशा केसांना आपण, आणि आपल्यापूर्वी आपल्या पूर्वजांनी, काय काय अर्थ चिकटविले, आणि शास्त्राच्या कसोटीला त्यांपैकी कोणता अर्थ उतरला, हे पाहण्याचा आज माझा मानस आहे. माझे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. केसांच्या रंगावरून आपण वंश वाचीत आलो, आणि तो तेथे लिहिलेला नव्हता. जे खरोखर लिहिलेले होते, म्हणजे त्या देहाला मिळालेले वा न मिळालेले अन्न, ते वाचण्याची तसदी मात्र आपण फारशी घेतली नाही.

वंशाविषयी बोलावयाचे तर अक्कलकोटइतके उचित ठिकाण दुसरे सापडणे कठीण आहे. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर १७०७ साली मोगलांच्या कैदेतून सुटून छत्रपती शाहू महाराज दक्षिणेत उतरले, तेव्हा पारद गावी तेथील पाटील लोखंडे यांच्याशी त्यांची चकमक झडली. पाटील रणात पडले, आणि त्यांच्या विधवेने आपले तान्हे मूल महाराजांच्या पायांवर घालून अभय मागितले. महाराजांनी अभय तर दिलेच, परंतु त्या विजयाची आठवण म्हणून मुलाचे नाव फत्तेसिंह ठेवून त्याला पुत्रवत् वाढविले, भोसले हे उपनाम दिले, आणि पुढे अक्कलकोटची दौलत त्याच्या हवाली केली. १९४८ साली संस्थान विलीन होईपर्यंत जी गादी येथे नांदली तिचा मूळपुरुष रक्ताने लोखंडे आणि नावाने भोसले होता, आणि त्याच्या शौर्यात किंवा निष्ठेत त्यामुळे काही उणे पडले असे इतिहास सांगत नाही. ज्या भूमीत हे घडले तेथील श्रोत्यांना वंश म्हणजे केवळ रक्त नव्हे हे मी काय सांगावे?

तरीही देहाच्या वर्णावरून कुळाचा अंदाज बांधण्याची खोड आपल्याकडे पुरातन आहे. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातील पतंजलीच्या महाभाष्यात, समासाची चर्चा चालू असता, ब्राह्मण्याच्या लक्षणांत गौर वर्ण आणि शुद्ध आचार यांच्या जोडीला पिंगट छटा आणि कपिल केस यांचीही गणना केलेली आढळते; आणि बाजारपेठेत बसलेला उडदाच्या राशीसारखा काळा मनुष्य पाहून हा ब्राह्मण आहे असा निश्चय कोणी करीत नाही, असेही तेथे म्हटले आहे. जे केस येथे श्रेष्ठत्वाची खूण ठरले तेच मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात वधूपरीक्षेच्या वेळी दोष ठरतात, कारण कपिल कन्या वरू नये असा तेथे निषेध आहे आणि टीकाकारांनी त्याचा अर्थ कपिल केसांची असा लावला आहे. देवादिकांकडे वळावे तर शंकराच्या जटा पिंगट आणि भैरवाचे केस ज्वालांसारखे वर उसळलेले, तर राक्षसांच्या वर्णनातही पुन्हा तोच रंग. पुरुषाच्या ठायी कुलीनता, कन्येच्या ठायी वैगुण्य, देवाच्या ठायी तेज आणि राक्षसाच्या ठायी क्रौर्य अशा चार परस्परविरोधी गोष्टी ज्या एका रंगावर लादल्या गेल्या, त्या रंगाला स्वतःचे काही सांगावयाचे होते असे मला वाटत नाही. आपल्या तालुक्यातील कानडी बोलणाऱ्या घरांतून केंचप्पा आणि केंचम्मा ही नावे ऐकू येतात. तांबूस वर्णावरून पडलेल्या या नावांत निंदाही नाही आणि स्तुतीही नाही. शास्त्रकारांपेक्षा खेडुतांचा हा व्यवहार मला अधिक शहाणपणाचा वाटतो.

युरोपातही हाच घोळ झालेला दिसतो. टॅसिटस या रोमन इतिहासकाराने जर्मन टोळ्यांचे आणि आजच्या स्कॉटलंडमधील कॅलिडोनियन लोकांचे तांबडे केस टिपून ठेवले आणि त्यावरून कॅलिडोनियन लोक जर्मनांच्या वंशाचे असावेत असा तर्कही केला. मध्ययुगीन चित्रकारांनी येशूचा विश्वासघात करणाऱ्या ज्यूडासला वारंवार लाल केस चिकटविले, तर इंग्लंडात पहिली एलिझाबेथ राणी त्याच केसांनिशी सिंहासनावर बसली. आपल्या बाजारपेठेत मेंदीने रंगविलेली जी तांबडी दाढी दिसते तिचा प्रकार अर्थात वेगळा आहे. मेंदीच्या पानातील लॉसोन नावाचे द्रव्य केसातील केराटिन या प्रथिनाशी घट्ट बांधले जाते, मूळचा काळा रंग मात्र ते घालवीत नाही, म्हणून पिकलेला केस लाल होतो आणि काळ्या केसावर केवळ झाक येते. ती आवडीची आणि श्रद्धेची गोष्ट आहे, तिच्यावर अधिक बोलण्याचे कारण नाही.

आता शास्त्राकडे येऊ. केसांचा रंग मेलॅनिन नावाच्या रंगद्रव्यामुळे येतो. हे द्रव्य टायरोसिन या अमिनो आम्लापासून केसांच्या मुळाशी तयार होते, आणि त्याचे दोन प्रकार आहेत : युमेलॅनिन हे काळे-तपकिरी आणि फिओमेलॅनिन हे पिवळसर-तांबूस, ज्याच्या घडणीत गंधकयुक्त सिस्टीन मिसळलेले असते. रंगपेशीच्या पृष्ठभागावर एक ग्राहक असतो. शरीरातील एक विशिष्ट संप्रेरक त्याला येऊन भिडले की पेशी काळे द्रव्य घडवू लागते. हा ग्राहकच सदोष असेल तर हुकूम आत पोहोचत नाही आणि तांबूस द्रव्यच साचत राहते. या ग्राहकाचे जनुक सोळाव्या गुणसूत्रावर असून त्याला एमसीवनआर म्हणतात. त्यातील भेद आणि ब्रिटिश लोकांचे लाल केस यांचा संबंध न्यूकॅसल आणि एडिंबरो येथील संशोधकांनी १९९५ साली प्रसिद्ध केला. तांबड्या घोड्याचा रंगही याच जनुकातील बिघाडामुळे येतो, हे पुढच्याच वर्षी सिद्ध झाले. मराठ्यांच्या लष्करी दप्तरांत घोड्याचा रंग नोंदला जाई तो ओळख पटविण्यासाठी, अंगच्या गुणांचा निवाडा करण्यासाठी नव्हे. माणसांच्या बाबतीत तेवढा विवेक राहिला असता तर पुष्कळ अनर्थ टळले असते.

या शोधाचा मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग पुढेच आहे. २००७ साली स्पेन आणि इटलीतील निअँडरथल मानवांच्या अस्थींतून मिळविलेल्या अंशांत याच जनुकाचा एक सदोष प्रकार आढळला, ज्यामुळे त्यांच्यापैकी काहींचे केस तांबडे असावेत असे अनुमान निघते. परंतु तो प्रकार आजच्या लाल केसांच्या युरोपीयांतील प्रकारांहून भिन्न आहे. आफ्रिकेच्या दक्षिण भागातील कृष्णवर्णी लोकांत क्वचित जन्मजात तांबूस केस आणि तांबूस कांती दिसते, आणि तिचे कारण नवव्या गुणसूत्रावरील निराळ्याच जनुकात आहे. एकच रंग, आणि त्याच्याकडे नेणाऱ्या वाटा तीन, एकमेकींहून स्वतंत्र! दोघांचे केस सारखे म्हणून दोघे एका मूळपुरुषाचे, हा टॅसिटसचा तर्क येथे समूळ कोसळतो. शिवाय आपल्याकडे ज्यांची वारंवार चर्चा होते त्या घाऱ्या डोळ्यांचा या जनुकाशी काही संबंध नाही. डोळ्यांचा रंग मुख्यत्वे पंधराव्या गुणसूत्राच्या एका भागावर अवलंबून असतो.

घाऱ्या डोळ्यांचा उल्लेख आला म्हणून महाराष्ट्रातील एका प्रकरणाकडे आपले लक्ष वेधणे मला अगत्याचे वाटते. कोकणस्थांचा गोरा वर्ण आणि घारे डोळे यांवरून ते कोठून तरी समुद्रमार्गे आले असावेत, असा तर्क गेली दीडशे वर्षे होत आला आहे. सह्याद्रिखंडात परशुरामाने किनाऱ्याला लागलेली चौदा प्रेते जिवंत केल्याची कथा आहे, आणि कुलाब्याच्या, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्याच्या, किनाऱ्यावरील बेने इस्राएल समाजातही गलबत फुटून वाचलेल्या सात जोडप्यांची कथा आहे. या दोहोंच्या साम्यावर विद्वानांनी मोठमोठे मनोरे उभारले. या विषयाचा शास्त्रीय अभ्यास ज्यांनी तरुण वयात केला त्या इरावती कर्वे. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्रज्ञ घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली १९२८ साली त्यांनी चित्पावन, म्हणजे कोकणस्थ, ब्राह्मणांवर प्रबंध लिहिला आणि नंतर त्या बर्लिनला गेल्या. तेथे त्यांना जे मार्गदर्शक लाभले ते तेथील मानववंशशास्त्र संस्थेचे संचालक ऑयगेन फिशर. १९०७ साली याच फिशरने केसांचे रंग मोजण्यासाठी एक साधन काढले होते : धातूच्या पेटीत ओळीने बसविलेले फिकट पिवळ्यापासून काळ्यापर्यंतच्या केसांचे तीस नमुने, त्यांत लाल केसांनाही जागा दिलेली. ही पेटी घेऊन तो १९०८ साली नैऋत्य आफ्रिकेतील रेहोबोथ येथे गेला आणि संकरातून झालेल्या माणसांच्या डोक्यांशी आपले नमुने ताडून पाहिले. आणि त्या मोजमापांतून त्याने जो सिद्धांत उभारला तो संकराला हीन लेखणारा होता. १९३७ साली जर्मनीतील आफ्रिकी वंशाच्या पित्यांची मुले गुप्तपणे निर्बीज करण्यात आली, त्या कृत्याला फिशरच्या या संस्थेतील तज्ज्ञांच्या अभिप्रायांचा आधार होता.

अशा गुरूच्या संस्थेत बसून इरावतीबाईंनी मानवी कवट्यांच्या विषमतेवर प्रबंध लिहिला. कवटीच्या दोन बाजूंतील असमानता आणि वंश यांचा संबंध आढळावा, ही तेथील अपेक्षा. बाईंच्या मोजमापांत तो आढळला नाही, आणि आढळला नाही असे त्यांनी लिहून टाकले. परक्या देशात, परक्या भाषेत, सर्व अधिकार ज्याच्या हाती त्या संचालकासमोर, तिशीही न गाठलेल्या एका मराठी स्त्रीने दाखविलेल्या या प्रामाणिकपणाची कथा आपल्या शाळांतून सांगितली गेली पाहिजे. त्यांचे ‘युगान्त’ आपण सर्वांनी वाचले आहे. त्याच्यामागे उभी असलेली ही मोजपट्टीची निष्ठा आपल्याला फारशी ठाऊक नसते. १९४८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यतेच्या मुळाची चिकित्सा करताना नाकांची मोजमापे पुढे मांडून, मानवमितीला शास्त्र मानावयाचे तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात, असे दाखवून दिले, तेही याच न्यायाने. मोजणाराच प्रामाणिक असेल तर मोजपट्टी आपल्या मालकाच्या आग्रहाविरुद्धही साक्ष देते.

आता दुसऱ्या बाजूकडे, म्हणजे अन्नाकडे, वळतो. वर ज्या संप्रेरकाचा उल्लेख केला ते एका मोठ्या प्रथिनाचे तुकडे पडून तयार होते, आणि त्या प्रथिनाचे जनुकच निकामी असलेली दोन मुले बर्लिनमधील डॉक्टरांनी १९९८ साली वर्णिली. त्या मुलांचे केस लाल होते, हे अपेक्षितच. परंतु त्यांची भूक कशानेही भागत नव्हती आणि ती अगदी लहान वयातच अतिस्थूल झाली होती. केसांच्या मुळाशी काळा रंग घडविण्याचा हुकूम देणारे संप्रेरकच मेंदूत दुसऱ्या एका ग्राहकाला भिडून आता पुरे असा निरोप देते, असे त्यातून सिद्ध झाले. केसांचा रंग आणि भूक यांची शरीराच्या आत इतकी जवळची सोयरीक असेल, अशी कल्पना कोणा कवीलाही सुचली नसती.

परंतु आपल्या देशात ही सोयरीक जनुकाच्या दोषातून क्वचितच, आणि ताटातील उणिवेतून पिढ्यान्‌पिढ्या दिसत आली आहे. सिसिली विल्यम्स या जमेकात जन्मलेल्या ब्रिटिश स्त्री डॉक्टर, त्या वेळच्या गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानामध्ये, नोकरीवर होत्या. अंगावरचे दूध तुटल्यावर केवळ मक्याच्या पेजेवर वाढणारी मुले पायांवर सूज, सोलवटलेली त्वचा आणि फिकट तांबूस विरळ केस घेऊन त्यांच्याकडे येत. या रोगाचे वर्णन त्यांनी १९३३ साली प्रसिद्ध केले, आणि १९३५ साली तेथील गा भाषेतले क्वाशिओरकोर हे नाव वैद्यकाला दिले. धाकटे भावंड आल्यावर आईच्या दुधापासून दूर झालेल्या मुलाचे दुखणे, असा त्या नावाचा आशय आहे. ही गोष्ट ज्या आफ्रिकी आयांनी आधीच ओळखली होती त्यांच्या शब्दालाच बाईंनी शास्त्रात मान दिला, हे मला थोर वाटते.

अशा मुलाच्या केसांतून काळा रंग का जातो, याची सर्व कारणे अद्याप निर्विवाद झालेली नाहीत, परंतु रंगद्रव्य आणि केस दोन्ही घडविण्यास लागणारी अमिनो आम्ले प्रथिनांतूनच यावयाची असतात, आणि ती अपुरी पडली की केस फिका, बारीक आणि सहज उपटून येणारा होतो. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. त्यामुळे मूल काही महिने उपाशी आणि काही महिने पोटभर जेवलेले असेल तर एकाच केसावर फिकट आणि काळे पट्टे एकाआड एक उमटतात. डॉक्टर त्याला निशाणाची खूण म्हणतात. मला मात्र तो केस घरातल्या धान्याची रोजकीर्द वाटतो, जिच्यात जमा आणि तूट दोन्ही प्रामाणिकपणे लिहिलेली आहेत आणि जिच्यात मागाहून खाडाखोड करता येत नाही. येथे एक सावधगिरीचा शब्द सांगणे कर्तव्य आहे. उन्हाने, धुळीने, पोहण्याच्या पाण्याने केस तांबूस होतात, काही घरांत ते उपजतच पिंगट असतात, आणि कोणत्याही डॉक्टराने एकट्या केसावरून निदान करू नये. परंतु त्यासोबत सूज, अशक्तपणा आणि खेळण्याची नावड असेल तर ते केस उन्हाचे आहेत असे म्हणून सोडून देणे हा अपराध आहे.

या रोगाचे मूळ प्रथिनांच्या कमतरतेत आहे असे धरून जगभर प्रथिनांची पिठे बनविण्याची एक मोहीमच निघाली, आणि तिला पहिला मोठा हादरा देणाऱ्यांत दोन भारतीय होते. कुन्नूर आणि पुढे हैदराबाद येथे काम करणारे डॉ. गोपालन यांनी १९६८ साली दाखविले की, सूज येणारी आणि नुसतीच झडत जाणारी अशी दोन्ही प्रकारची मुले मुळात सारखाच अपुरा आहार घेत होती. दुसरे सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले पां. वा. सुखात्मे, ज्यांनी रोम येथील अन्न व शेती संघटनेत सांख्यिकी विभागाचे संचालकपद भूषविले. आकडेवारीची छाननी करून त्यांनी असे प्रतिपादन केले की, गरिबाच्या आहारात धान्य पुरेसे असेल तर प्रथिनेही बहुधा पुरी पडतात. खरी तूट एकूण अन्नाची आहे. ज्वारीची भाकरी आणि तुरीचे वरण ज्याला पोटभर मिळते त्याला डब्यातील पिठाची गरज नाही, हे या ज्वारीच्या जिल्ह्यात तरी पटावयास हरकत नाही. पुढे याच सुखात्म्यांनी, शरीर कमी अन्नाशी काही मर्यादेपर्यंत जुळवून घेते असा सिद्धांत मांडला, तेव्हा १९७१ साली नीळकंठ रथ यांच्यासह ‘भारतातील दारिद्र्य’ लिहून २,२५० कॅलरींची रेषा आखणाऱ्या वि. म. दांडेकरांनी त्यांच्याशी कडाक्याचा वाद घातला, आणि गोपालनांनीही लहान चणीच्या मुलाला निरोगी ठरविण्यास विरोध केला. मला या वादात दांडेकर आणि गोपालन यांची बाजू अधिक न्याय्य वाटते. शरीराने जुळवून घेतले याचा अर्थ त्याचे नुकसान झाले नाही असा होत नाही. मुलाने उंचीत, बळात आणि अभ्यासात त्याची किंमत चुकविलेली असते.

जुळवून घेण्याची ही भाषा सरकारी कागदांत फार जुनी आहे. १८७६ साली पाऊस गेला आणि मुंबई इलाख्यात जो दुष्काळ पडला त्यात सोलापूर हा सर्वांत होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी एक होता. त्या वेळी सरकारचे प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांनी कष्टाच्या कामावरील मजुराला दिवसाला एक पौंड धान्य आणि एक आणा पुरे आहे असा हिशेब घातला, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने, गणेश वासुदेव जोशी यांच्या पुढाकाराने, जिल्ह्याजिल्ह्यांतून हकिगती गोळा करून त्या हिशेबाविरुद्ध अर्जांवर अर्ज धाडले. श्रीस्वामी समर्थांनी १८७८ साली येथे देह ठेवला तो या दुष्काळाच्या छायेतच. आज त्यांच्या नावाने चालणाऱ्या अन्नछत्रात कोणाचीही जात आणि गाव न विचारता रोज हजारो पाने वाढली जातात, आणि अक्कलकोटचा याहून मोठा लौकिक मी जाणत नाही.

आजची स्थिती दुष्काळाची नाही, परंतु समाधानाचीही नाही. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील मुलांपैकी सुमारे ३५ टक्के वयाच्या मानाने खुजी आणि सुमारे २६ टक्के उंचीच्या मानाने रोडावलेली होती. २ ऑक्टोबर १९७५ पासून चालू झालेल्या बालविकास योजनेतील अंगणवाडीताई मुलाचे वजन आणि उंची घेते, आणि दंडाच्या मध्यावर फीत लावून पाहते. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरहून कमी भरला तर ते मूल तीव्र कुपोषित समजून त्याला उपचारास पाठवावयाचे असते, आणि दोन्ही पायांवर सूज असेल तर फितीचा आकडा कितीही येवो, तरीही पाठवावयाचे असते. या तपासणीत केसांच्या रंगाला स्थान नाही, आणि ते योग्यच आहे, कारण फीत अधिक खात्रीची आहे. परंतु फीत लावण्यासाठी मूल अंगणवाडीत यावे लागते. ऊसतोडीच्या हंगामात आईबापांबरोबर फडावर गेलेले मूल कोणत्याच गावच्या पटावर नीट सापडत नाही, आणि त्याच्याकडे पाहणारे डोळे असतात ते शेजाऱ्याचे, मुकादमाचे, किराणा दुकानदाराचे, साखरशाळेतल्या गुरुजींचे. त्यांच्याकरिता हे व्याख्यान आहे. आमच्या घरी सगळ्यांचेच केस असे, हे उत्तर एखाद्या आईकडून आले तर ते खरेही असेल. पण तिच्या थोरल्या मुलाचे केस काळे असतील, धाकट्याचे तांबूस असतील, आणि धाकट्याच्या पावलावर बोट दाबल्यावर खळगा तसाच राहत असेल, तर त्याच दिवशी त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. तेथे रक्तातील साखर, संसर्ग आणि अंगातील पाणी यांचा बंदोबस्त आधी होतो, आहार थोडाथोडा करून वाढवितात, कारण उपाशी शरीराला एकदम भरपूर अन्न सोसत नाही. सूज पुष्कळदा एक-दोन आठवड्यांत उतरते. केसांना मात्र वेळ लागतो, आणि पुढच्या काही महिन्यांत मुळाकडून काळा केस उगवू लागला की फिकट भाग टोकाकडे सरकत जातो, आणि जावळ काढताना न्हाव्याच्या हाती येतो.